दूध तोडलं की डुकराच्या पिल्लांना हगवण: दर वेताला तेच होत असेल तर हे क्रमाने तपासा

आधी लक्षणं

दूध तोडून तिसरा-चौथा दिवस. सकाळी शेडाचं दार उघडलं की आधी वासानेच कळतं. भिंतीवर पिवळट-करड्या पाण्याचे शिंतोडे, पिल्लांची मागची बाजू ओली आणि लाल, शेपटी चिकटलेली. कालपर्यंत उड्या मारणारी पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेली. कुशी आत गेलेल्या, डोळे खोल, केस उभे. खुराक तसाच पडलेला, पण पाण्याच्या निप्पलपाशी गर्दी. अंगात ताप बहुतेक वेळा नसतो. एखादं पिल्लू, आणि पुष्कळदा अंगाने सगळ्यात भरलेलं, रात्रीत मेलेलं सापडतं.

इंजेक्शन दिलं की तीन-चार दिवस थांबतं आणि पुन्हा सुरू होतं. किंवा हे वेत कसंबसं सावरतं आणि पुढच्या वेताला तेवढ्याच दिवसांनी, त्याच कप्प्यात तेच दिसतं.

फलटणच्या बाजूला आमच्याकडे २२ माद्या आहेत, लार्ज व्हाइट यॉर्कशायर आणि काही संकरित. सुरुवातीच्या वर्षांत हे दुखणं आम्ही प्रत्येक वेताला भोगलं. आता आजूबाजूच्या वराहपालकांचे फोन येतात आणि दहापैकी आठ फोन याच हगवणीचे असतात. मी पशुवैद्यक नाही. औषधांचे डोस मी सांगणार नाही. डॉक्टर येण्याआधी, आणि पुढच्या वेताला त्यांना बोलवायची वेळच येऊ नये म्हणून, काय बघायचं ते सांगते.

यातलं काही दिसलं तर तपासण्या करत बसू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा

तीन-चार दिवसांच्या आतल्या पिल्लांना रक्ताची हगवण लागली असेल तर. हे बहुधा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स टाइप सी या जिवाणूचं काम असतं. तो आतड्याचं अस्तरच मारतो आणि काही तासांत वेत संपवतो. लागलेली पिल्लं क्वचितच वाचतात, पण पुढच्या वेताच्या मादीला लस देऊन हे टाळता येतं. म्हणून निदान त्याच दिवशी व्हायला हवं.

पापण्या सुजल्या, चाल झोकांडी खाणारी झाली, ओरडणं घोगरं झालं तर. हा एडिमा रोग. दूध तोडल्यावर एक-दोन आठवड्यांत येतो आणि चांगली वाढलेली पिल्लं आधी नेतो.

लहान-मोठी सगळीच जनावरं एकदम आजारी पडली, ताप १०५-१०६ अंश फॅरनहाइट, कान, पोट, मांड्या जांभळ्या झाल्या तर. (डुकराचं नेहमीचं तापमान १०२ च्या आसपास असतं.) हा डुकरांचा क्लासिकल स्वाइन फिव्हर असू शकतो किंवा आफ्रिकन स्वाइन फिव्हर. आफ्रिकन स्वाइन फिव्हर भारतात पहिल्यांदा २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांत त्यावर उपचार नाही. अशा वेळी विक्री बंद, कत्तल बंद, कोणाचं जनावर आत घेणं बंद. मेलेलं जनावर चिरून बघू नका, ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. सरकारी दवाखान्याला कळवा किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा. कळवणं ही कायद्याचीही गरज आहे.

उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब दोन-तीन दिवसांत सगळ्या शेडात पसरले, माद्यांनाही लागले तर. हा विषाणू आहे. कप्प्यातली ऊब वाढवून तो थांबत नाही.

आणि शेवटचं: पिल्लू उभंच राहत नाही, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते, तोंड हाताला गार लागतं. अशा पिल्लाला तोंडाने पाजून भागत नाही. त्याला सुईने पाणी द्यावं लागतं आणि ते डॉक्टरांनीच द्यावं.

मग पहिला प्रश्न वयाचा

कोणाचाही फोन आला की मी आधी विचारते, पिल्लं किती दिवसांची? रंगापेक्षा वय जास्त सांगतं. जन्मानंतर पहिल्या चार दिवसांतली पिवळी पातळ हगवण म्हणजे बहुधा ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू, आणि त्यामागे कमी मिळालेला चीक किंवा गारठा. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान लोण्यासारखी, आंबूस वासाची हगवण आणि अँटिबायोटिकला दाद नाही, म्हणजे कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी. दोन-तीन आठवड्यांना रोटा विषाणू, कधी आईच्या दुधातून आलेले बारीक जंत. दोन महिन्यांच्या पुढच्या जनावरांची हगवण वेगळ्याच जिवाणूंची असते, तिच्यात मी इथे शिरत नाही.

दूध तोडल्यावर तीन ते दहा दिवसांत येणारी हगवण ही सगळ्यात जास्त वेळा परत परत येणारी. तिच्यावरच सविस्तर लिहिते.

जंतू आला कुठून?

हे समजलं नाही तर पुढच्या सगळ्या तपासण्या बिनकामाच्या वाटतील. ई. कोलाय बाहेरून येऊन पडलेला नसतो. पिल्लू जन्मल्यावर काही तासांतच आईच्या सडांवरून, तिच्या विष्ठेतून, जमिनीवरून जिवाणू त्याच्या पोटात जातात, आणि पहिल्या येणाऱ्यांत ई. कोलाय असतोच. मग दूध सुरू झालं की लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जिवाणू वाढतात. दुधातल्या साखरेचं ते लॅक्टिक आम्ल करतात, पोट आंबट राहतं आणि आंबट पोटात ई. कोलायला फार वाढता येत नाही. शिवाय आईच्या दुधातली प्रतिपिंडं दर तासा-दीड तासाने आतड्याला लेप देत असतात.

दूध तोडल्या दिवशी हे दोन्ही एकदम थांबतं. आई गेली, भाऊ-बहिणी बदलल्या, जागा बदलली. पिल्लू दिवसभर, कधी दोन दिवस काही खात नाही. आतड्याच्या आतल्या बाजूला केसांसारखे बारीक उंचवटे असतात, ते अन्न शोषतात. उपाशी राहिल्यावर ते झपाट्याने आखूड होतात. बाजरीचं उभं पीक आणि कापणीनंतरची धसकटं, एवढा फरक चार-पाच दिवसांत पडतो. मग तिसऱ्या दिवशी भूक सहन न होऊन पिल्लू पोटभर खुराक खातं. पोटात आम्ल पुरेसं नाही, शोषायला जागा नाही. न पचलेली प्रथिनं पुढे सरकतात, तिथे कुजतात, आणि ई. कोलायला आयतं रान मिळतं.

त्यातही सगळे ई. कोलाय रोग करत नाहीत. ज्यांच्या अंगावर एफ-४ किंवा एफ-१८ नावाचे हुकासारखे बारीक तंतू असतात तेच आतड्याला चिकटून बसतात आणि विष सोडतात. त्या विषाने आतड्याच्या पेशी अंगातलं पाणी आणि क्षार आतड्यात ओतायला लागतात. काही पिल्लांच्या आतड्यात एफ-४ ला चिकटायला जागाच नसते, आणि हे आनुवंशिक असतं. म्हणून एकाच कप्प्यात, एकाच आईची दोन पिल्लं हगवणीने वाळलेली आणि तिसरं ठणठणीत असं दिसतं.

म्हणून शोध घ्यायचा तो पोटातला तोल कशाने ढळला याचा.

दोन मिनिटं नुसतं बघा

खर्च काही नाही. पहाटे चार-पाचला, दिवा न लावता, शेडात जाऊन उभं राहा. पिल्लं कशी झोपली आहेत? एकमेकांना चिकटून पण शेजारी-शेजारी आडवी झोपली असतील तर ठीक. ढीग करून, पाय अंगाखाली घेऊन बसली असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. पार लांब-लांब, पाण्याच्या कडेला पसरली असतील तर उकडतंय.

आमच्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुपारी ऊन लागतं आणि पहाटे अंग काकडतं. दुपारचा पारा बघून माणूस निर्धास्त होतो, पण हगवण पहाटेच्या गारठ्याने लागते. दूध नुकतंच तोडलेल्या पिल्लांना झोपायच्या जागी साधारण २७-२८ अंश सेल्सिअस लागतं. पोटात अन्न नाही, अंगावर चरबी नाही, म्हणून ते स्वतःची ऊब तयार करू शकत नाही. जे काही अंगात आहे ते उबेसाठी जळतं आणि आतडं भरून यायला काही उरत नाही.

आता गुडघ्यावर बसा. तळहात पिल्लांच्या उंचीवर धरा. उभ्या माणसाला न लागणारा वारा तिथे लागतो. मग हात जमिनीवर टेकवा. ओली आहे? ओल्या सिमेंटवर पिल्लू झोपलं की वर बल्ब असला तरी पोटाकडून ऊब जात राहते. कोरडी पोती, भाताचा तूस, लाकडी फळी, खाली वारा अडवायला एक पत्रा. एवढ्यावर थांबलेली हगवण मी पुष्कळ वेळा पाहिली आहे. पावसाळ्यात तूस दोनदा बदलावा लागतो. तो कंटाळा करून चालत नाही.

पाणी मोजा

एक लिटरची बाटली आणि मोबाइलमधलं घड्याळ. प्रत्येक निप्पल दाबून एक मिनिटात किती पाणी येतं ते बघा. दूध तोडलेल्या पिल्लांना अर्धा ते एक लिटर हवं. कमी आलं तर पिल्लू दाबून कंटाळतं आणि जमिनीवरचं घाण पाणी चाटतं. फार जोरात आलं तर ते घाबरून मागे सरतं आणि कप्पा ओला होतो तो वेगळाच. उंची पिल्लाच्या खांद्याएवढी ठेवा. आतापर्यंत दूध पिणाऱ्या पिल्लाला निप्पल म्हणजे काय हेच माहीत नसतं, म्हणून पहिले दोन दिवस एक उथळ थाळी पाण्याने भरून ठेवा.

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या गावातल्या एका तरुण मुलाचा फोन आला.

"ताई, तीन दिवस इंजेक्शन दिलं, थांबलं होतं. आज परत तसंच."

"पाणी मोजलंस का?"

"पाणी आहे की, टाकी भरलेली आहे."

"टाकी नको सांगूस. निप्पलखाली बाटली धर आणि मग फोन कर."

दहा मिनिटांनी फोन आला. चारपैकी तीन निप्पल क्षाराने बुजली होती. बोअरचं पाणी आमच्या भागात जड आहे, निप्पलच्या जाळीत पांढरा थर बसतो. ती काढून व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवली की मोकळी होतात. पाणी तुंबलेलं असताना खुराकातलं मीठही अंगावर येतं. डुकराला पाणी मिळालं नाही की मिठाची विषबाधा होते, पिल्लू भिंतीला डोकं टेकतं, मागे बसतं आणि झटके येतात. असं दिसलं तर भसाभस पाणी पाजू नका, त्याने मेंदूला सूज येते. थोडं थोडं द्या आणि डॉक्टरांना फोन करा.

टाकीही उघडून बघा. तळाशी हिरवा-काळा गाळ असेल तर आधी घासून धुवा. गाळ तसाच ठेवून ब्लिचिंग पावडर टाकली तर तिची ताकद गाळातच संपते. धुतल्यावर १००० लिटरला साधारण ५ ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर पुरते, आणि अर्धा तास थांबून मग पाणी सोडायचं.

मीठ-साखरेचं पाणी आजच सुरू करा

ही तपासणी नव्हे, पण याच जागी यायला हवी, कारण पिल्लू जंतूने मरण्याआधी कोरडं पडून मरतं. औषधाच्या दुकानात माणसांसाठी मिळणारं ओआरएसचं पाकीट चालतं. पाकिटावर लिहिलं आहे तेवढ्याच पाण्यात विरघळवा, घट्ट करू नका. थाळीत थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि शेजारी साधं पाणी कायम. उरलेलं संध्याकाळी फेकून द्या.

काम का करतं ते सांगते, कारण पुष्कळ जण 'नुसतं साखरपाणी' म्हणून सोडून देतात. ई. कोलायचं विष आतड्यातून पाणी बाहेर ओतायला लावतं, पण ग्लुकोज आणि मीठ जोडीने आत घेण्याची वाट बंद करत नाही. ती वाट उघडी असते आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जातं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी हजारो माणसांना पाजून जीव वाचवले. पिल्लाचं आतडं या बाबतीत माणसासारखंच चालतं.

लिटमसचा कागद

शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे मिळतो, स्वस्त असतो. जमिनीवरची विष्ठा घेऊ नका, तिथे मूत मिसळलेलं असतं. पिल्लू हातात धरा, ताजी हगवण थेट कागदावर घ्या. लाल कागद निळा झाला तर ई. कोलायकडे बोट जातं. निळा कागद लाल झाला तर अन्न न पचल्यामुळे, म्हणजे रोटासारख्या विषाणूने किंवा फाजील खाण्याने, हगवण असण्याची शक्यता जास्त. एका पिल्लावर विसंबू नका, पाच-सहा बघा. हे पक्कं निदान नव्हे, पण डॉक्टरांना फोनवर सांगण्यासारखी खात्रीची गोष्ट हातात येते.

खुराक: किती, कितीदा, आणि त्यात काय

माझ्या अनुभवात मूळ इथेच सापडतं. पहिली चूक म्हणजे दूध तोडल्या दिवशी गव्हाण काठोकाठ भरणं. पिल्लं दोन दिवस उपाशी राहून मग एकदम तुटून पडतात. आम्ही पहिल्या दिवशी दर पिल्लामागे १०० ग्रॅमच्या आसपास देतो, पाच वेळांत वाटून, दुप्पट कोमट पाण्यात भिजवून. सगळ्यांना एकाच वेळी तोंड घालता येईल अशी लांब थाळी लागते. आईकडे सगळी एकाच वेळी पितात, त्यांना तीच सवय असते. रोज थोडं वाढवत आठवड्याने पोटभर. हगवण दिसली तर खुराक निम्म्यावर आणायचा, पण पूर्ण बंद करायचा नाही. उपासाने धसकटं आणखी आखूड होतात.

दुसरी चूक, त्याच दिवशी खुराक बदलणं. आईजवळ असताना जो भरडा चाटत होती, तोच पुढे किमान आठवडाभर ठेवा. आणि आईजवळ असताना चाटायला दिलाच नसेल तर तिथेच अडचण आहे. दहाव्या दिवसापासून मूठभर ताजा भरडा, आई पोचणार नाही अशा कोपऱ्यात, रोज उरलेला काढून. खातील थोडाच. पण पोटातल्या जिवाणूंना धान्याची ओळख होते आणि पिष्ट पचवणारे रस तयार व्हायला लागतात.

तिसरी, 'ताकद यावी' म्हणून सोयाबीन पेंड वाढवणं. मी स्वतः हे केलं आणि त्या वेताची पाच पिल्लं गमावली. ते अजून मनाला लागतं. लहान पिल्लाला सोया नीट पचत नाही, आणि कच्चं किंवा कमी भाजलेलं सोयाबीन तर प्रथिनं पचवणाऱ्या रसालाच अडवतं. न पचलेलं सगळं ई. कोलायच्या वाट्याला जातं. दूध तोडल्यावर पहिले दोन आठवडे प्रथिनं २१-२२ टक्क्यांवरून १८ च्या आसपास आणल्याने हगवण कमी होते. मात्र पेंड नुसती काढून टाकली तर लायसिनसारखी आवश्यक अमिनो आम्लं कमी पडतात आणि वाढ खुंटते. हा हिशेब पशुआहार जाणणाऱ्याकडून करून घ्या.

घरी खुराक बनवणारे आणखी एक करतात, चुनखडीची पूड हाताच्या अंदाजाने टाकतात. चुनखडी पोटातलं आम्ल मारते. ज्या आम्लावर पिल्लाची सगळी भिस्त, तेच आपण शमवतो. वजन करूनच टाका आणि पहिले दोन आठवडे कमीत कमी ठेवा.

भिजवायला आम्ही पाण्यातलं थोडं काढून त्या जागी घरचं ताजं ताक घालतो, किंवा पनीर करणाऱ्याकडची त्याच दिवशीची निवळी. तिच्यात दुधाची साखर असते, लॅक्टोबॅसिलसना ती लागते. उन्हात राहिलेली, वास बदललेली निवळी अजिबात नको. ताकाने लागलेली हगवण बरी होते असं मी म्हणणार नाही. दूध तोडण्याआधी चार दिवस सुरू केलं तर उपयोग होतो, एवढा माझा अनुभव आहे.

बुरशीचा वास येणारा मका पिल्लांना देऊ नका. हॉटेलचं उरलेलं अन्न लहान पिल्लांना मुळीच नको, आणि मोठ्यांना द्यायचं तर उकळी फुटल्यावर अर्धा तास खळखळ उकळून, ढवळत. स्वाइन फिव्हरचे विषाणू मांसाच्या तुकड्यांतून येतात.

कप्पा धुणं, आणि वाळू देणं

आता मेहनतीचं काम. एका वेतात लागलेली हगवण पुढच्या वेताला त्याच कप्प्यात लागत असेल तर जागा जंतूंनी भारलेली आहे. नुसतं पाणी मारून फिनेल ओतल्याने काही होत नाही. शेण आणि चरबीचा पातळ थर सिमेंटला चिकटलेला असतो, त्याखाली जंतू सुखरूप राहतात. खरवडून काढा, साबणाच्या पाण्यात तासभर भिजवा, ब्रशने घासा, धुवा, आणि मग जंतुनाशक. त्यानंतर कप्पा रिकामा, कोरडा, ऊन-वारा लागेल असा पाच-सात दिवस ठेवा. वाळणं हेच सगळ्यात स्वस्त जंतुनाशक आहे. कॉक्सिडियाची अंडी बहुतेक जंतुनाशकांना दाद देत नाहीत, पण कडक उन्हाला आणि फ्लेम गनच्या ज्योतीला देतात. फटी सिमेंटने बुजवा, भिंतींना चुना द्या.

त्यासाठी माद्या गटाने वितील असं नर दाखवण्याचं वेळापत्रक लागतं. आमच्याकडे ते बसवायला वर्ष गेलं. शक्यतो एका आईची पिल्लं एकाच कप्प्यात ठेवा. चार वेतांची पिल्लं मिसळली की मारामाऱ्या होतात, खाणं आणखी दोन दिवस लांबतं, आणि एकाचे जंतू सगळ्यांना.

दूध तोडण्याचं वय

रानात डुकरीण तीन-चार महिन्यांनी हळूहळू दूध सोडवते. आपण एका दिवसात सोडवतो. साधारण तीन ते चार आठवड्यांच्या पिल्लात आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं ओसरत असतात आणि स्वतःची पुरेशी तयार झालेली नसतात. युरोपीय संघात २८ दिवसांच्या आत दूध तोडायला सर्वसाधारणपणे मनाई आहे, स्वतंत्र स्वच्छ शेड असेल तरच एक आठवडा सूट. आम्ही २८ वरून ३५ दिवसांवर गेलो. मादी आठवडाभर उशिरा माजावर येते, म्हणजे वर्षाच्या हिशेबात तोटा दिसतो. मेलेली आणि खुंटलेली पिल्लं त्यात धरली की आमच्याकडे तरी तोटा राहिला नाही. तुमचं शेड उबदार, कोरडं आणि खुराक चांगला असेल तर २८ पुरे. नसेल तर आधी वय वाढवा.

दूध पितानाच हगवण लागत असेल

डुकराच्या पिल्लाला गर्भात आईकडून प्रतिपिंडं मिळत नाहीत, ती फक्त चिकातून येतात, आणि ती रक्तात घेण्याची आतड्याची ताकद २४ ते ३६ तासांत संपते. पहिल्या दिवसात पिल्लाच्या पोटात २००-२५० ग्रॅम चीक जायला हवा. मोठं वेत असेल तर पोट भरलेली पिल्लं तासभर टोपलीत ठेवा आणि बारक्यांना सडाला लावा. मादीच्या कासेला हात लावा, कडक, गरम असेल, ती पोटावर झोपून पाजत नसेल तर पिल्लांची हगवण बाजूला ठेवून आधी तिच्यासाठी डॉक्टर बोलवा. जन्मलेल्या पिल्लाला ३२-३५ अंश ऊब लागते, मादीला तेवढ्यात धाप लागते, म्हणून बल्ब पिल्लांच्या कोपऱ्यातच. तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन चुकवू नका. पिल्लाला रोज सुमारे ७ मिलिग्रॅम लोह लागतं आणि दुधातून जेमतेम १ मिळतं. रक्त कमी असलेलं पिल्लू हगवणीतून उठत नाही.

अँटिबायोटिक आणि तपासणी

अँटिबायोटिक कधीच नको असं मी म्हणत नाही. जंतू रक्तात गेला, पिल्लं मरायला लागली, तर त्यांनीच जीव वाचतो. माझा आक्षेप सवयीवर आहे. इंजेक्शनने ई. कोलाय कमी होतो तसे लॅक्टोबॅसिलसही कमी होतात. औषध थांबतं, गारठा तसाच, खुराक तसाच, आणि मोकळ्या रानात आधी उगवतो तो पुन्हा ई. कोलायच, या वेळी औषधाला सरावलेला. चौथ्या-पाचव्या दिवशी परत येणाऱ्या हगवणीचं कारण बहुधा हेच.

कोलिस्टिन कोणी देऊ केलं तर घेऊ नका. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापरावर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली आहे. चीनमध्ये डुकरांच्या ई. कोलायमध्ये या औषधाला निष्प्रभ करणारा आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारा जनुक सापडल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. माणसांच्या अतिदक्षता विभागात हे शेवटचं औषध म्हणून राखून ठेवलेलं असतं. झिंक ऑक्साइडचे मोठे डोस हगवण थांबवतात हे खरं, पण ते जस्त विष्ठेतून आपल्याच शेतात साठत जातं. युरोपीय संघाने तो औषधी वापर जून २०२२ पासून बंद केला. स्वीडनने वाढीसाठी दिली जाणारी अँटिबायोटिक १९८६ मध्येच थांबवली. सुरुवातीला तिथे दूध तोडल्यानंतरची हगवण वाढली, मग त्यांनी वय, खुराक आणि शेड सुधारून ती आटोक्यात आणली. म्हणजे वर सांगितलेलीच कामं.

ऊब, पाणी, खुराक नीट करूनही ४८ तासांत फरक नसेल, किंवा एका दिवसात एकाहून जास्त पिल्लं मेली, तर थांबा आणि डॉक्टरांना बोलवा. नमुना औषध देण्याआधी घ्यायचा, नुकत्याच आजारी पडलेल्या, इंजेक्शन न दिलेल्या दोन-तीन पिल्लांचा, गुदद्वारातून स्वॅबने, बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचेल असा. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे, शिरवळ, परळ आणि नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. स्थानिक दवाखान्यामार्फत नमुना पाठवणं सोपं जातं. अहवालात नुसतं 'ई. कोलाय आढळला' लिहून आलं तर त्यावर समाधान मानू नका, तो निरोगी पिल्लातही आढळतोच. एफ-४ आहे की एफ-१८, आणि कोणत्या औषधाला दाद देतो, हे डॉक्टरांना विचारायला सांगा. मादीला लस द्यायची की पिल्लांना आणखी काही, हे त्यावरच ठरतं.

फोन करताना एवढं कागदावर लिहून ठेवा: पिल्लांचं वय, दूध कधी तोडलं, किती आजारी आणि किती मेली, लिटमसचा रंग, तीन पिल्लांचं तापमान, पहाटेचं शेडातलं तापमान, निप्पलचं मिनिटाचं पाणी, खुराक कोणता आणि कधी बदलला, आतापर्यंत कोणतं औषध किती दिवस दिलं. आजारी कप्प्याचं काम सगळ्यात शेवटी करा, हात साबणाने धुवा, आणि घरातल्या लहान मुलांना तिकडे जाऊ देऊ नका.